कोरा आवाज

हल्ली फोनवर एक दृश्य वरचेवर दिसतं. साठी-सत्तरीचा एखादा रॉकवाला, केस काळेकुळकुळीत रंगवलेले, अंगात चामडी जाकीट, पोट आत ओढून धरलेलं, अंधाऱ्या स्टेजवरही डोळ्यांवर गॉगल. शेजारी नातीच्या वयाची पॉप गायिका. मागे टेबलाआड डीजे एक हात हवेत हलवत उभा. म्हातारा गिटारवर चार सूर काढतो, पोरगी त्याच्या खांद्यावर डोकं टेकते, गर्दी ओरडते आणि खाली लोक लिहितात, ‘लेजंड’. जगभर हे चाललंय. ज्यांनी तरुणपणी डिस्कोवाल्यांना शिव्या घातल्या, तेच आता नाचगाण्याच्या पोरांच्या दारात गिटार घेऊन उभे. मी असले व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो आणि तोंड कडू होतं. बायको म्हणते, एवढा राग येतो तर बघता कशाला?

तिला मी उत्तर दिलेलं नाही. तो म्हातारा मीच आहे, हे उत्तर आहे. माझ्याकडे चामडी जाकीट नव्हतं आणि खांद्यावर डोकं ठेवायला कोणी नव्हतं, एवढंच. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या एका फ्लॅटच्या बेडरूममध्ये, डीजेच्या आईनं केलेले पोहे खाऊन, मी तेच केलं. आणि ते करताना माझ्या सगळ्यात जुन्या मित्राला दगा दिला.

मी वर्ध्यात ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो. बोलतो कमी. कमी बोलणाऱ्याला लोक फुकटात सज्जन समजतात, आणि त्या समजुतीवर माझी पन्नाशी आरामात उलटली. स्टाफरूममध्ये भांडण झालं की दोन्ही बाजू माझ्याकडे येतात. मी दोघांचंही ऐकून मान हलवतो. ही मान हलवण्याची कला मला कुठवर घेऊन गेली, ते पुढे येईलच.

आमचा बँड नव्वदच्या दशकातला. वर्ध्यात रॉक बँड, हे सांगताना आजही ऐकणाऱ्याच्या ओठांचे कोपरे हलतात. बाहेरगावचे लोक इथं चरखा बघायला येतात आणि आम्ही चौघं इथं गिटारचा आवाज जास्तीत जास्त फाटका कसा होईल याच्या मागे लागलो होतो. ड्रमवाल्याचे वडील जिनिंग फॅक्टरीत मुनीम, म्हणून आम्हाला गोडाऊन मिळालं. हंगाम सरला की रुईच्या थोड्या गाठी एका कोपऱ्यात उरायच्या. त्यांच्या मधोमध उभं राहून आम्ही वाजवायचो. बाहेर आवाज जायचा नाही, आणि आत प्रत्येकाला वाटायचं की आपण फार भारी वाजवतो, कारण कापूस आमच्या सगळ्या चुका पिऊन टाकायचा. घरी गेलो की केसांत, भुवयांत तंतू अडकलेले. आई विचारायची, “गादीवाल्याकडे कामाले लागला का रे?”

आमचा तोरा मात्र असा, की जग आमची वाट बघतंय. ऑर्केस्ट्रावाले आम्हाला भिकार वाटायचे. मिरवणुकीत वाजवणारे धुमालवाले, म्हणजे ट्रकवर की-बोर्ड आणि ढोल लादून गावभर फिरणारे, ते तर आमच्या लेखी माणसातच नव्हते. एकदा एका बाईंनी रस्त्यात थांबवून विचारलं, “तुमचा बँड आहे म्हणते. आमच्या पोरीचं लग्न आहे, मार्चात तारीख देता का?”

आमचा गायक छाती काढून म्हणाला, “आम्ही वरातीत नाई वाजवत, काकू.”

“मंग कुठं वाजवता?”

उत्तरासाठी त्या बाई बराच वेळ खरोखरच्या उत्सुकतेनं उभ्या होत्या.

आमचं स्वतःचं म्हणावं असं गाणं एकच. ते गायकानं केलेलं. त्याचं घर तेव्हा तळेगावला, श्यामजी पंताच्या तळेगावला. कॉलेजसाठी तो तिथल्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसायचा. नागपूरची यायची, अमरावतीची यायची, त्याची यायची नाही. त्यावरून त्यानं गाणं रचलं. त्याची ओळ होती, ‘गाडी आली, आपली नाई’. बाकी शब्द सामान्य होते, पण ही ओळ तो अशी काही म्हणायचा की अंगावर काटा यायचा. शेवटच्या वेळी ही ओळ म्हणण्याआधी तो थांबायचा. एकदम गप्प. किती वेळ थांबणार ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. आम्ही तिघं त्याच्या उजव्या टाचेकडे बघत राहायचो. टाच उचलली गेली, की ओळ येणार. ती टेकली, की आम्ही तुटून पडायचो. कॉलेजच्या गॅदरिंगला एकदा तो इतका थांबला की पहिल्या रांगेतले प्राचार्य कार्यक्रम संपला समजून उठून उभे राहिले.

मग जे व्हायचं तेच झालं. ड्रमवाला पुण्याला गेला, बेसवाला परदेशी. मागे राहिलो आम्ही दोघं, मी आणि गायक. मी नोकरीत, तो फ्लेक्स छपाईच्या दुकानात. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टांगून त्यानं एक माइक लावला आणि अनाउन्समेंटचं काम सुरू केलं. सेल, प्रदर्शन, सर्कस, निवडणूक, नळाला पाणी येणार नाही, सगळं. आमच्या जिल्ह्यात भोंगा लावलेला ऑटो गल्लीत शिरला की जो घसघशीत आवाज येतो, तो त्याचा. हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत लोक त्याचं तोंड ओळखत नाहीत, पण आवाज ओळखतात. ‘शेवटचे दोन दिवस! फक्त शेवटचे दोन दिवस!’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं वाक्य. तो सेल वर्षानुवर्षं चालू आहे.

या कामात त्याची एक रीत होती. आधी तो नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. त्याला तो कोरा आवाज म्हणायचा. तो कोरा आवाज मला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायचा आणि खाली लिहायचा, ‘ऐकजो. कसं वाटते सांगजो.’ मी अंगठा धाडला की तो त्याच्याखाली सनई नाहीतर ढोल घालायचा आणि मग ते ऑटोवाल्यांकडे जायचं. चादरींच्या सेलसाठी माझं मत कशाला लागतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्याला वाटायचं, माझा कान पक्का. मी बहुतेक वेळा न ऐकताच अंगठा धाडत होतो.

डीजे आमच्या आयुष्यात आला तो माझा विद्यार्थी म्हणून. बारावीला भौतिकशास्त्रात काठावर पास. आता विदर्भभर त्याचं नाव. देवीच्या, गणपतीच्या मिरवणुकीत त्याची गाडी असली की दोन गल्ल्या अलीकडून खिडक्यांच्या काचा थरथरतात. मला तो आवाज म्हणजे छातीवर कुणीतरी गादी धोपटतंय असा वाटायचा आणि मी तसं स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवायचो. तो एका संध्याकाळी घरी आला, घरातही टोपी तशीच, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “सर, तुमचा बँड होता म्हणते. माझ्या मामानं कॅसेट ऐकवली. गाडीवालं गाणं.”

मी म्हणालो, पोरपणा होता तो.

“पोरपणा काऊन सर? लेजंड आहे तुम्ही. आता सगळीकडे हेच चालू आहे, जुने रॉकवाले अन् नवे डीजे. कोलॅब करू आपण. तुमची गिटार, ऑटोवाल्या काकाचा आवाज, माझा बीट.”

कोलॅब हा शब्द मी तोवर फक्त तुच्छतेनं उच्चारला होता. त्या संध्याकाळी तो मला गोड लागला. तो गेल्यावर मी माळ्यावरून गिटार काढली. तारा गंजलेल्या. रात्रीचं जेवण होईपर्यंत मी फडक्यानं तिची मान पुसत बसलो होतो. सांगायला लाज वाटते, पण आरशासमोर उभं राहून मी ती गळ्यातही अडकवली. पोटावर ती आडवी न राहता तिरकी झाली, कपाटाच्या दाराला लावलेल्या टॉवेलसारखी.

गायकाला सांगितलं तर तो हसायला लागला. “अबे, आपण वरातीत नाई वाजवत ना?” मग थोड्या वेळानं म्हणाला, “खरंच घेते म्हणतो तो मायं गाणं?”

दुसऱ्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. “भाऊजी, तुम्ही काय जादू केली? यायनं खर्रा सोडला. सकाळी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून राह्यले.” खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूची ती घोटलेली पुडी. आमच्याकडे माणूस गाव सोडील, खर्रा सोडणार नाही. मी तिला म्हणालो, चांगलं झालं. आणि मनात म्हणालो, या वयात गुळण्या करून कुठला आवाज येतो.

हा माझा पहिला गुन्हा समजावा. त्याच्या गाण्यावर माझा विश्वासच नव्हता, आणि मी ते त्याला सांगितलं नाही.

डीजेच्या बेडरूममध्ये रेकॉर्डिंग झालं. एका बाजूला पलंग, पलंगावर वाळत घातलेले कपडे, दुसऱ्या बाजूला तीन स्क्रीन. माझं काम अर्ध्या तासात आटोपलं. मी तिसाव्या वर्षापर्यंत घोटून घोटून बसवलेला सोलो वाजवला. चुकलो तिथं डीजेनं बोटानं चूक उचलली आणि जागेवर ठेवली, जेवणाच्या ताटातला खडा काढावा तशी. मी म्हणालो, वा. मी चुकलोच नव्हतो असं मला लगेच वाटायला लागलं.

गायकाचं मात्र बसेना. डीजेच्या पद्धतीत कानातल्या हेडफोनमध्ये सतत टकटक चालू असते, आणि त्या टकटकीवर गायचं असतं. आमच्या जमान्यात टकटक म्हणजे गायकाची टाच. तो कधी पुढे पळायचा, कधी मागे राहायचा. वरच्या सुराला आवाज फाटायचा. आणि शेवटच्या ओळीआधी तो थांबला. डोळे मिटून, जुन्या दिवसांसारखाच. टकटक चालू राहिली. डीजेनं माझ्याकडे बघितलं. मी गायकाच्या टाचेकडे बघत होतो. स्पोर्ट्स शूज घातले होते त्यानं, नवे, पांढरे.

“काका, एवढं नाई थांबायचं,” डीजे हळू आवाजात म्हणाला. “चार टक झाले की घ्यायचं.”

“मोजून थांबू?”

“हो काका.”

“मोजून थांबलं तर थांबलं कुठं बाप्पा?” तो म्हणाला, पण पुढच्या वेळेला त्यानं मोजलं. बोटांवर. पोरं बेरीज करतात तसं.

तो तीनदा गेला तिथं. तिसऱ्या दिवशी डीजेनं त्याचा आवाज मशीनमधून सुरात आणून दाखवला. ऐकल्यावर गायक म्हणाला, “हा कोण गाऊन राह्यला?” तो स्वतःच हसला आणि म्हणाला, “ठीक आहे, पोट्ट्यायले आवडत असंल तर राहू द्या.”

त्यानंतर डीजेनं मला एकट्याला बोलावलं. पोरगा सरळ होता, त्यानं आडवळण घेतलं नाही. “सर, काकाचा आवाज नाई बसून राह्यला. मी लय प्रयत्न केला. गाणं ड्रॉप करतो. तुमची गिटार पुढं कधी दुसऱ्या ट्रॅकले वापरू.”

इथं एखाद्या मित्रानं म्हटलं असतं, ठीक आहे, ड्रॉप कर. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. पुढं कधी म्हणजे कधीच नाही. हजार पोरं माझ्या सोलोवर नाचणार होती, आणि आता नाचणार नव्हती. हे मी आज लिहितोय तेव्हा माझी मलाच शिसारी येते, पण त्या वेळी मला खरोखर तहान लागल्यासारखं झालं होतं.

डीजे सहज म्हणाला, “काकाचा बोलण्याचा आवाज काय भारी आहे, नाई का सर? ऑटोवर ऐकलं की वाटते, थांबून ऐकावं. गाताना कुठं जाते तो आवाज?”

मी खिशातून फोन काढला. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. त्याच आठवड्यात आलेला ‘शेवटचे दोन दिवस’ अजून तिथं होता, त्यावर माझा अंगठा. खाली सनई नाही, ढोल नाही. कोरा. मी तो डीजेला धाडला.

डीजेनं तो लावला, तुकडे केले, तुकडे एकमेकांवर चढवले. ‘दोन दिवस. दोन दिवस. दो-दो-दो-दो-दोन दिवस.’ मग बीट कोसळला. भिंतीला लावलेला फोम हलला. डीजेची आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच मान डोलवायला लागली. आणि त्याच्याखाली, मी कान देऊन ऐकलं, माझी गिटार होती.

“काकाले विचारलं का सर?” डीजेनं विचारलं.

“मी सांगतो त्याले,” मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. सांगणार होतो, हे खोटं आहे. मला माहीत होतं, मी सांगणार नाही. मी ती मान हलवण्याची कला वापरली. त्यानं विचारलं, ‘कसं झालं बे गाणं?’ की मी म्हणायचो, चांगलं झालंय, तू ऐकशील तेव्हा बघ.

देवीच्या विसर्जनाला गाणं पहिल्यांदा वाजणार होतं. गायकानं वडनेरहून लेक-जावई बोलावले. संध्याकाळी पाचपासून एका मेडिकलच्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून त्याचं सगळं कुटुंब बसलं. तो इस्त्रीच्या शर्टात, पायात ते पांढरे शूज. मी त्याच्या शेजारी. घरी राहावं असं मला वाटलं होतं, पण मग माझी गिटार ऐकायला मिळाली नसती.

डीजेची गाडी वळणावर आली. दिव्यांचे खांब, धूर, समोर नाचणारी पोरं. डीजेनं माइकवर पुकारलं, “वर्धेकर, हे गाणं आपल्या लेजंड काकासाठी.” गायकानं बायकोचा हात दाबला. मग भोंग्यातून त्याचाच आवाज आला, आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरानं ऐकलेला. ‘शेवटचे दोन दिवस.’

पोरं वेडी झाली. त्यांना तो आवाज लहानपणापासून ओळखीचा होता. ती हसत होती, ओरडत होती, एकमेकांच्या खांद्यावर चढत होती आणि भोंग्याच्या बरोबरीनं म्हणत होती, दो-दो-दो-दो. जावई टाळ्या वाजवायला लागला. त्याला वाटलं, हेच गाणं. लेकीनं त्याच्या मांडीवर चापट मारली तेव्हा तो थांबला. गायक गाडीकडे बघत होता. तो अजून वाट बघत होता. या सगळ्यानंतर कुठेतरी गाडीची ओळ येईल, असं त्याला वाटत असावं. गाणं संपलं. सायरन वाजला. दुसरं सुरू झालं.

आणि माझी गिटार? सायरनच्या आत, धुराच्या मागे, ती आली आणि गेली. मला स्वतःला ती नीट ऐकू आली नाही. एवढ्यासाठी मी हे केलं होतं.

“चोट्टा निंगाला हा,” गायक उठताना म्हणाला. “मायं गाणं फेकलं अन् ऑटोवरून आवाज चोरला. खरं का नाई?”

मी मान हलवली.

त्यानंतर तो जिथं जाईल तिथं लोक म्हणायचे, ‘काका, एकदा म्हणा ना.’ चहाच्या टपरीवर, बँकेत, एका लग्नात तर नवरदेवानं. तो एकदाही म्हणाला नाही. त्यानं खर्रा परत सुरू केला. आणि मला त्याचे कोरे आवाज यायचे थांबले. हे दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं. मी मनाची समजूत घातली, की काम कमी झालं असेल. पण ऑटो फिरतच होते, नवनव्या सेलच्या गोष्टी सांगत.

डीजेनं एकदा रस्त्यात विचारलं, “काका नाराज आहे का सर? फोन नाई उचलत माझा.” मी म्हणालो, नाही रे, खूश आहे, कामात असतो. पोराचा चेहरा उजळला. मी गाडीला किक मारून निघालो. एका पोराला चोर ठरवून त्यालाच दिलासा देणारा मास्तर.

थंडीत गायकाचा फोन आला. आवाज अगदी सपाट. “उद्या अकरा वाजता दुकानात येजो. ठाण्यात जातो. त्या डीजेची तक्रार देतो, आवाज चोरल्याची. तू साक्षीदार. तू सोबत होता न सगळ्या टायमाले.”

त्या रात्रीचं वर्णन करत नाही. सकाळी मी गेलो. तो मागच्या खोलीत होता, कानाला हेडफोन, समोर माइक. ब्लँकेटच्या सेलचं काम चालू होतं. मी दारात उभा राहून म्हणालो, “ऐक, तो आवाज त्यानं चोरला नाही. मीच...”

त्यानं हात वर केला. रेकॉर्डिंग चालू होतं. त्यानं ब्लँकेटचं वाक्य सावकाश पूर्ण केलं, बटण दाबलं आणि समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. मी बसलो. त्यानं माइक वळवून माझ्या तोंडासमोर आणला.

“आता सांग. इकडं तोंड करून सांग.”

“रेकॉर्ड करतो का?”

“मले हेडफोनमधेच नीट ऐकू येते. सांग.”

मी सांगितलं. तू धाडलेला आवाज मी त्याला दिला. मला माझी गिटार ऐकवायची होती. त्यानं तुला विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही. त्याच्यावर आळ आला तेव्हा गप्प बसलो. बोलताना मी त्याच्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या गादीच्या फाटक्या शिवणीकडे बघत होतो.

त्यानं ते लावून ऐकलं. डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाला, “आवाज कापून राह्यला तुया. अन् ‘विचारलं नाही’ पाशी गिळला. परत घे.”

मला वाटलं, तो थट्टा करतोय. तो करत नव्हता. मी परत सांगितलं. या वेळी ‘गप्प बसलो’ पाशी अडखळलो. त्यानं मान नकारार्थी हलवली. तिसऱ्यांदा मी सगळं सरळ बोललो, वर्गात नियम सांगावा तसं. तेव्हा त्यानं हेडफोन काढले.

“हं.”

“ठाण्यात नको जाऊ. त्या पोराचा काही दोष नाही.”

“कोण जाते ठाण्यात,” तो म्हणाला. त्यानं खर्ऱ्याची पुडी उघडली, बघितली आणि परत दुमडली. “ऑटोवर जे वाजते त्याच्याखाली सनई आहे. मीच घातली. विसर्जनाले वाजलं त्याच्याखाली सनई कुठं होती बे? कोरा होता तो. कोरा आवाज मी दुनियेत एकाच माणसाले धाडतो.”

म्हणजे त्या मेडिकलच्या ओट्यावर, पहिल्याच वाक्याला, त्याला कळलं होतं. मी शेजारी बसून मान हलवत असताना.

“मंग इतके दिवस काऊन गप्प होता?” मी विचारलं.

“तू कधी सांगतो ते पाहून राह्यलो होतो. शेवटी ठाण्याचं नाव काढा लागलं.” मग तो ब्लँकेटच्या कागदाकडे वळला. “गिटार आहे का अजून का इकली?”

“आहे.”

“उद्या आणजो. याच्याखाली म्युझिक पायजे. सनई ऐकून लोक कंटाळले.”

मी म्हणालो, “ब्लँकेटच्या सेलखाली?”

“काऊन? वरातीत नाई वाजवत का तू?”

दुसऱ्या दिवशी मी गिटार घेऊन गेलो. त्यानं टकटक लावली नाही. त्यानं नुसती टाच उचलली आणि मी वाजवलं. सबंध सोलो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यानं एकही चूक काढून टाकली नाही. दोन ठिकाणी तार खरखरली, ती तशीच ठेवली.

आता थंडीभर तो ऑटो सिंदी मेघेतून, माझ्याही घरावरून जातो. सकाळी मी गॅलरीत चहा पीत असतो तेव्हा वळणावरून आधी माझी गिटार ऐकू येते, आणि खरं सांगायचं तर ती चांगली वाजते. पण त्यांच्या धंद्याचा नियम असा, की बोलणं आलं की म्युझिक खाली. मी वरच्या सुराकडे चढायला लागतो, नेमका तिथं त्याचा आवाज येतो आणि गिटार दबते. दुहेरी ब्लँकेट, सिंगल ब्लँकेट, मुलांसाठी कार्टूनची ब्लँकेट. समोरच्या घरातल्या बाई गच्चीवरून ओरडून विचारतात, “सर, खरंच संपते का हा सेल?”

डीजेला मी खरं काय ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “सर, तुम्ही म्हटलं होतं तुम्ही सांगता.” त्यानंतर तो माझ्या पाया पडलेला नाही. गायकाचे कोरे आवाज मात्र परत यायला लागलेत. परवा नळाच्या पाण्याचा आला. मी दोनदा ऐकला आणि लिहिलं की ‘गुरुवारी’ शब्द नीट उमटत नाही. त्यानं परत घेतला.